किनाऱ्यावरचं जुनं मासळी गोदाम दुरुस्त करायचंय? आधी जोतं मोजा, मग अर्ज करा

माजाळी, कारवार, अंकोल्याच्या किनाऱ्यावर ज्या घराण्यांची मासळी खारवायची, मीठ किंवा बर्फ साठवायची जुनी गोदामं आहेत, त्यांची पुढची पिढी बऱ्याचदा बेळगाव, खानापूर, निपाणीत स्थायिक झालेली असते. दुरुस्तीचा विचार निघाला की पहिला फोन गवंड्याला जातो. तसं करू नका. परवानगी हातात येईपर्यंत एक कौलही हलवू नये, कारण किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांतली सगळी सवलत ‘अस्तित्वात असलेल्या अधिकृत इमारती’ला आहे. भिंत पाडली की पुरावाही पडला.

किनाऱ्यालगतच्या ज्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं असतात त्या किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. तुम्हाला मात्र १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना बघायची आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि काळी नदीसारख्या खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी, तिथपर्यंत ती लागते. गावांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेलगत ना-विकास पट्टा असतो: दाट वस्तीच्या भागात (२०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं) ५० मीटर, इतरत्र २०० मीटर. तिथेही जुन्या अधिकृत इमारतीची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, मात्र चटई क्षेत्र (प्लॉटच्या मानाने सगळ्या मजल्यांचं बांधकाम), जोत्याचं क्षेत्र (पायथ्याशी इमारतीने व्यापलेली जागा) आणि घनता वाढता कामा नये. शहरातल्या बांधलेल्या भागात, म्हणजे सीआरझेड-२ मध्ये, सध्याचा वापर न बदलता पुनर्बांधणी करता येते. गोदामाचं हॉटेल करायचं मनात असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. दुरुस्तीच्या अर्जात ते मिसळू नका. मासे सुकवणं, खारवणं, बर्फ, जाळी विणणं, लिलाव ही मच्छीमारांची कामं मात्र ना-विकास पट्ट्यातही मान्य आहेत. मूळचा धंदा टिकवणाऱ्याची बाजू म्हणूनच भक्कम असते.

अर्ज मालक, सहहिस्सेदार, सहकारी संस्था किंवा भाडेपट्टेदार करू शकतात. सहहिस्सेदारांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं, संस्थेला सर्वसाधारण सभेचा ठराव, भाडेपट्टेदाराला मालकाचं ना-हरकत पत्र. जमीन बंदर किंवा मत्स्य खात्याची निघाली तर आधी त्या खात्याशी बोला. कारवारच्या बैतखोलसारख्या बंदर परिसरात हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मालकीसाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड किंवा पहाणी (सातबाऱ्यासारखा कर्नाटकातला जमिनीचा उतारा), शहरात ई-आस्थी आणि ग्रामपंचायतीत ई-स्वत्तू या मिळकत नोंदीचा उतारा, उपनिबंधकाकडचा बोजा दाखला (मिळकतीवर कर्ज वा गहाण आहे का ते सांगणारा), घरपट्टीच्या पावत्या. आजोबांचंच नाव चालू असेल तर नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) वंशावळ काढून आधी वारसनोंद करा. यात सर्वाधिक वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच.

इमारत १९९१ च्या आधीची आहे हे दाखवणारा कागद सगळ्यांत मोलाचा. जुनी घरपट्टी, खरेदीखत, सर्व्हे नकाशा, मिठाचा किंवा धंद्याचा परवाना, जे सापडेल ते जोडा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत कारवार आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात होते, त्यामुळे इथल्या कार्यालयात माग लागला नाही तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारातही शोध घ्यावा.

तांत्रिक कागदांत १:४००० प्रमाणातला सीआरझेड नकाशा येतो. तो केंद्राने मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो आणि त्यावर इमारतीचा आराखडा बसवलेला हवा. सोबत मोजमापासह आहे त्या स्थितीचे नकाशे आणि चारही बाजूंचे फोटो.

कामाच्या पद्धतीचं टिपण मात्र मन लावून लिहा. मासळी खारवलेल्या भिंतींत वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं असतं. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि चिरा (भिंतीचा जांभा दगड) पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. खराब झाला तर तो बदलता येतो, चिरा बदलणं महाग पडतं. टिपणात चुना, जुनी कौलं परत वापरणं आणि वाशांची जागच्या जागी दुरुस्ती असं स्पष्ट लिहा. त्यातून जोतं आणि उंची वाढत नाही हेही आपोआप दिसतं.

इमारत जुनी आहे म्हणून ती संरक्षित स्मारक ठरत नाही; त्यासाठी केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६१ च्या कायद्याखाली अधिसूचना लागते. पण केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असाल तर इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असल्याचा पुरावा देऊन दुरुस्तीची वेगळी परवानगी घ्यावी लागते. पुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी लागतेच.

पैशाचं म्हणाल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फ कारखाना, शीतगृह अशा कामांना सर्वसाधारण गटात ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदत आहे. जुन्या भिंतींसाठी ती नाही. यंत्रसामग्रीचं आणि इमारतीचं अंदाजपत्रक वेगवेगळं करून तालुक्याच्या मत्स्य खात्यात विचारा.

सीआरझेडचा प्रस्ताव राज्य किनारा व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. पूर्ण कागद मिळाल्यापासून शिफारशीसाठी ६० दिवसांची मुदत अधिसूचनेतच आहे. बांधकाम परवाना नगरसभा किंवा ग्रामपंचायतीचा, तो वेगळा. उत्तर कन्नड जिल्हा बेळगाव महसूल विभागात येत असला तरी हे अर्ज बेळगावच्या प्रादेशिक आयुक्तांकडे देऊन उपयोग नाही, ते कारवारच्या बाजूनेच हलतात. अर्ज कन्नडमध्ये करा, मराठी प्रत जोडा, आणि पोचपावतीवर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, कारण मुदत मोजायला तोच कागद लागेल.