स्कॉटलंडची जुनी सनद: कृपा नव्हे, वारसाचा हक्क

स्कॉटलंडच्या सरंजामी कायद्यात जमीनधारक मरण पावला की जमीन ती देणाऱ्या वरिष्ठ सरदाराकडे कायमची परत जाई आणि नवी सनद ही त्याची कृपा असे, हा समज चुकीचा आहे. धारक बदलल्यावर दिल्या जाणाऱ्या या नूतनीकरणाच्या सनदेने नवा हक्क निर्माण होत नसे. मूळ सनदेने दिलेला वंशपरंपरागत हक्कच वारसाच्या नावे मान्य केला जाई. वारसाने ही मान्यता घेण्यास विलंब केल्यास तोवर जमिनीचे उत्पन्न सरदाराला घेता येई, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा यातच असावे. वारसाचे नाते पंचांच्या चौकशीत सिद्ध झाल्यावर मात्र, ठरलेली रक्कम घेऊन त्याला मान्यता देणे सरदारावर बंधनकारक होते. जमीन विकत घेणाऱ्यांना मान्यता देताना सरदारांकडून होणारी अडवणूक खरी होती, परंतु 1747 च्या कायद्याने तीही रोखली. 1874 नंतर तर जमिनीच्या दस्ताची नोंदणी होताच सरदाराची मान्यता गृहीत धरली जाऊ लागली.