उड्डाणापूर्वीची इंधन तपासणी (लहान विमाने)

पिस्टन इंजिनाच्या लहान विमानात टाक्यांच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी, गाळ किंवा चुकीचे इंधन नाही ना, हे पाहण्याची पद्धत. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतर ही तपासणी करतात. विमान पावसात उघड्यावर उभे राहिले असेल, तर ती अधिक बारकाईने करावी लागते.

सर्वांत नेहमीचा दोष पाण्याचा. टाकीच्या झाकणाचे रबरी कडे तडकले की पावसाचे पाणी आत झिरपते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री दमट हवा गार होऊन भिंतींवर दव धरते. कधी पुरवठ्याच्या टाकीतूनच पाणी येते. एव्हगॅसचे, म्हणजे पिस्टन विमानांच्या पेट्रोलचे, वजन लिटरला सुमारे ०.७२ किलो असल्याने पाणी तळाशी बसते. नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या चांगल्या इंधनावर इंजिन जमिनीवर सुरळीत चालते, त्यामुळे वैमानिकाला शंका येत नाही. विमान नाक वर करून चढू लागले की तळाचे पाणी सरकून इंधन बाहेर पडण्याच्या तोंडाशी येऊ शकते. इंजिन बंद पडते ते अशा वेळी, जेव्हा उंची आणि वेग दोन्ही अपुरे असतात.

नमुना घेण्यासाठी मधोमध दांडी असलेला पारदर्शक पेला वापरतात. दांडीने पंखाखालची निचरा झडप वर दाबली की इंधन पेल्यात उतरते. झडपांची संख्या विमानागणिक वेगळी असते: जुन्या लहान विमानांत मोजक्याच, तर सेसना १७२एस मध्ये प्रत्येक पंखाखाली ५ आणि नाकाच्या भागाखाली ३, अशा एकूण १३. एकही वगळू नये. क्रम विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. साधारणपणे आधी टाक्या आणि मग गॅस्कोलेटर, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेवरचा गाळणीचा पेला. आधी गॅस्कोलेटर उघडला, तर टाकीतले पाणी नळीत ओढले जाण्याची शक्यता असते.

नमुना पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून पाहावा. निळ्या आकाशासमोर निळसर इंधन आणि पाणी यांतला फरक हरवतो. पेला हलकेच फिरवला की पाण्याचे थेंब तळाशी मण्यांसारखे घरंगळतात. नमुना धूसर असेल तर क्षणभर थांबावे. धूसरपणा हवेच्या बुडबुड्यांचा असला तर तो खालून वर निवळत जातो, पाण्याचा असला तर वरून खाली.

सर्वांत फसवा नमुना अगदी स्वच्छ दिसणारा असतो. पेल्यात फक्त पाणीच आले, तर दोन थरांमधली रेघ दिसण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून ‘पाणी दिसत नाही’ एवढ्यावर न थांबता ‘हे इंधनच आहे’ याची खात्री करावी लागते. रंग आणि वास पाहावा. शंका असल्यास नमुन्यात चार थेंब पाणी टाकावे: ते वेगळे होऊन खाली बसले तर पेल्यात इंधन आहे, मिसळून गेले तर पाणी.

चुकीचे इंधन ओळखणे जास्त अवघड. १०० एलएल (कमी शिशाचा प्रकार) एव्हगॅस निळे, तर जेट इंजिनांचे जेट ए-१ इंधन रंगहीन किंवा फिकट पिवळसर असते. पण थोडे जेट इंधन मिसळले तरी निळा रंग टिकतो, त्यामुळे केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. पांढऱ्या कागदावर थेंब टाकावा. शुद्ध एव्हगॅस लवकर उडून जाते, जेट इंधनाचा तेलकट डाग मागे राहतो. रॉकेलसारखा वास हीसुद्धा धोक्याची खूण. पिस्टन इंजिनात असे मिश्रण जळताना डिटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये स्फोटासारखे अनियंत्रित ज्वलन, होऊन पिस्टन वितळू शकतो, आणि हे निचरा करून सुटण्यासारखे नसते. टाक्या आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून इंजिनाचीही तपासणी करावी लागते. टाकी भरताना स्वतः उभे राहणे आणि पावतीवरचा इंधनाचा प्रकार वाचणे हाच त्यावरचा खरा बंदोबस्त.

तपासणीला मर्यादाही आहेत. इंधन भरताना घुसळलेले पाणी लगेच खाली बसत नाही. एव्हगॅसला खोलीच्या दर फुटामागे सुमारे १५ मिनिटे लागतात. विमान उतारावर उभे असेल तर झडप सर्वांत खोल जागी राहत नाही. रबरी पिशवीच्या टाक्यांत सुरकुत्यांमागे पाणी अडकते, ते पंख हलवल्यावर आणि शेपटी खाली दाबल्यावरच झडपेपर्यंत येते. पाणी सापडले, तर नमुना निर्मळ येईपर्यंत निचरा करावा. तरीही ते येतच राहिले, तर उड्डाण रद्द करून कारण शोधावे.

१०० एलएलमध्ये शिसे असल्याने ते हाताला लागू देऊ नये, नमुना जमिनीवरही ओतू नये. दूषित नमुना टाकाऊ इंधनाच्या डब्यात जातो. शेवटी प्रत्येक झडप पुन्हा पाहावी: बारीक कण अडकून ती किंचित उघडी राहिली, तर इंधन ठिबकत राहते.