वर्गातला व्हिडिओ कॉल: चित्र आधी आलं, मुलांचा प्रश्न फार उशिरा परत गेला

आपल्याकडे कुठल्याही शिक्षकासमोर 'व्हीसी', म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, म्हणा, त्याला साहेबांची मीटिंगच आठवणार. सकाळी ग्रुपवर मेसेज येतो, अकरा वाजता व्हीसी आहे, पटसंख्येची माहिती हाताशी ठेवा, मग साहेब बोलतात आणि बाकी सगळे ऐकतात. मला सांगायचंय ते मुलांच्या व्हीसीबद्दल. म्हणजे एका वर्गातली मुलं पडद्यावरून दुसऱ्या वर्गाशी, एखाद्या म्युझियममधल्या माणसाशी किंवा शास्त्रज्ञाशी समोरासमोर बोलतात, प्रश्न विचारतात, उत्तर ऐकून परत विचारतात. मी कोपरखैरण्याला राहते, सायन्स शिकवते, आणि गेली काही वर्षं असे कॉल वर्गात करतेय. हल्ली पालक विचारतात की हे नवीन काय काढलं शाळेने, कोरोनानंतर आलं का हे? कोरोनानंतर नाही, फार आधीपासूनचं आहे.

आधी एक प्रसंग सांगते. जुलैमध्ये आमच्या सहावीच्या वर्गाने शहापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला कॉल लावला होता. तिकडे आवणी चालू होती, त्यांचे सर मोबाईल घेऊन थेट बांधावर उभे राहिले, मागे गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावणाऱ्या बाया आणि पुढे रांगेत मुलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, चिखलात चप्पल रुतली तर काढता कशी? पलीकडून दोन सेकंद काहीच नाही आणि मग एक मुलगा म्हणाला, चप्पल घालून कोण उतरतं शेतात, आणि त्याने पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, घोट्यापर्यंत चिखल. आमचा वर्ग एकदम गप्प झाला आणि त्यानंतर सत्तावीस प्रश्न आले, मी मोजले. भात कसा उगवतो हे पुस्तकात होतं, पण तो पाय पुस्तकात नव्हता.

मी या सगळ्या इतिहासाकडे एकाच बाजूने बघते: मुलाचा आवाज परत गेला का? चित्र पाठवणं माणसाला लवकर जमलं, परतीची वाट बांधायला मात्र फार वेळ लागला.

गंमत म्हणजे परतीची वाट पहिल्यांदा जमली ती चित्राशिवाय. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला १९५१ साली रेडिओवरची शाळा सुरू झाली, शेकडो मैल लांब एकेकट्या गुरांच्या फार्मवर राहणाऱ्या मुलांसाठी. तिकडे फ्लाइंग डॉक्टरांची, म्हणजे विमानाने रुग्णांकडे जाणाऱ्या डॉक्टरांची, रेडिओ सेवा आधीपासून होती, बरेच जण पायाने पेडल मारून वीज करायचे आणि त्यावर बोलायचे, तीच लाईन शाळेने वापरली. सुरुवातीला बाई बोलायच्या आणि मुलं ऐकायची, पण थोड्याच दिवसांत धड्यानंतर प्रश्नोत्तराची वेळ ठेवावी लागली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यंत्र तेच होतं, फक्त मुलांना बोलायची वेळ दिली आणि वर्ग तयार झाला.

चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र पाठवायचे प्रयत्न अमेरिकेत चालू होते, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीने पिक्चरफोन लोकांना दाखवला, पण तो इतका महाग पडला की शाळा सोडा, ऑफिसांनीही फारसा घेतला नाही.

भारताने वेगळाच रस्ता धरला, तो म्हणजे उपग्रह. दिल्लीत शाळांसाठी टीव्ही १९६१ पासून होता, पण तो एका शहरापुरता. मग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर एक वर्ष 'साइट' नावाचा प्रयोग झाला. इस्रोने नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला, तो सरकवून आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणला म्हणजे त्याची नजर भारतावर पडेल, आणि सहा राज्यांतल्या साधारण २,४०० गावांत टीव्ही संच बसवले. डिश कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट रुंद. सकाळी शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य. आपला महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर थेट उपग्रहावरून गावागावांत शिक्षण नेण्याचा असा प्रयोग आधी झाला नव्हता आणि आपल्या लोकांनी तो तडीस नेला, याचा मला खरंच अभिमान वाटतो. पण मुलाला प्रश्न पडला तर तो वर्गातच राहायचा, वर जायला वाटच नव्हती.

महाराष्ट्रात याचा पुढचा धागा म्हणजे पुण्याची बालचित्रवाणी. १९८४ साली सुरू झाली, मराठीतून शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम करायची, सकाळी दूरदर्शनवर लागायचे. माझ्या वयाच्या लोकांना नाव काढलं की लगेच आठवेल, काही शाळांत वर्ग आणून टीव्हीसमोर बसवायचे. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि मला अजूनही वाईट वाटतं, मराठीत एवढं काम क्वचितच कुणी केलं असेल. पण तीही एकाच बाजूने बोलणारी.

नव्वदच्या दशकात इग्नूने, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, एक अर्धी वाट काढली. चित्र एकीकडून, आवाज दोन्हीकडून. म्हणजे स्टुडिओतले प्राध्यापक टीव्हीवर दिसायचे आणि केंद्रावर बसलेले विद्यार्थी फोन लावून प्रश्न विचारायचे. ते कॉलेजच्या आणि त्यावरच्या लोकांसाठी होतं, पण 'बाई, मला कळलं नाही' हे वाक्य उपग्रहाच्या वर्गात बोलता आलं ते असं.

त्याच सुमारास परदेशातल्या शाळांमध्ये खरं दोन्हीकडचं सुरू होत होतं. टायटॅनिकचे अवशेष १९८५ मध्ये शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड, त्यांना हजारो मुलांची पत्रं आली की पुढच्या वेळी आम्हालाही न्या. त्यांनी १९८९ मध्ये जेसन प्रोजेक्ट सुरू केला, बोट समुद्रात आणि मुलं आपापल्या गावातल्या म्युझियमच्या हॉलमध्ये, उपग्रहावरून समुद्रतळ बघतायत आणि बोटीवरच्या लोकांना प्रश्न विचारतायत. आज जी 'व्हर्च्युअल फील्ड ट्रिप' म्हणतात तिची ही एक मोठी सुरुवात. पुढे म्युझियम, प्राणीसंग्रहालयं, मत्स्यालयं यांनी छोटे स्टुडिओ केले, एक शिकवणारा माणूस, एक कॅमेरा, समोर कवटी नाहीतर साप, आणि शाळा तासाप्रमाणे बुकिंग करायच्या.

ही लाईन कशावर चालायची तेही सांगते, कारण अडचण तिथेच होती. आयएसडीएन म्हणजे डिजिटल फोन लाईन, एक चॅनल ६४ केबीपीएसचा. बरा दिसेल असा व्हिडिओ पाहिजे तर असे सहा एकत्र बांधायचे, म्हणजे ३८४, आणि बिल सहा फोनचं. वर कोडेकचं, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून लाईनवर पाठवणारं, महागडं मशीन. १९९६ मध्ये एच.३२३ हे मानक आलं आणि हेच सगळं इंटरनेटवरून करायची सोय झाली. पण आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेटच मिळालं होतं १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही मोडेमच्या कर्कश आवाजावर, त्यात व्हिडिओ कुठून येणार.

म्हणून आपण परत उपग्रहाकडे गेलो. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट सोडला, फक्त शिक्षणासाठी असा देशाचा पहिला उपग्रह. सुरुवातीच्या प्रयोगात तीन विद्यापीठं घेतली होती, त्यात नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. यात दोन प्रकारची केंद्रं, एक फक्त बघण्याची आणि दुसरी उलट बोलता येईल अशी. दुसऱ्या प्रकारची महाग, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पहिलीच बसली. आणि उपग्रह ३६,००० किलोमीटर वर, सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, तुमचा प्रश्न आणि त्यांचं उत्तर मिळून अर्धा सेकंद तरी जातोच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मोठ्या माणसालाही वाटतं की समोरच्याला ऐकूच गेलं नाही, तो परत बोलतो, तेवढ्यात उत्तर येतं आणि दोघं एकमेकांवर आदळतात. दहा वर्षांचं मूल तर दुसऱ्यांदा विचारतच नाही, खाली बसतं. एज्युसॅट २०१० मध्ये निवृत्त झाला. नंतर मुंबई महापालिकेनेही आपल्या शाळांत उपग्रहावरून व्हर्च्युअल क्लासरूम चालवल्या, एका स्टुडिओतले शिक्षक एकाच वेळी अनेक शाळांना शिकवतायत अशा.

घरोघरी नेट आलं २००५ नंतर. आपल्या ठाणे, नवी मुंबईत एमटीएनएल आणि कल्याणकडे बीएसएनएल, सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलेलं. आता बघा, ही लाईन बनवलीच अशी होती की डाउनलोडची वाट रुंद आणि अपलोडची अरुंद. का, तर लोक बघणारच, पाठवणार कशाला, असा हिशेब. म्हणजे तारेतसुद्धा तेच, येणारं चित्र छान आणि आपल्या वर्गाचं चित्र तिकडे चौकोन चौकोन.

इंटरनेटवरून व्हिडिओ कॉल करायच्या स्काइपने बाकीचं सोपं केलं. २०११ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी वेगळी सोय काढली, जगातले शिक्षक एकमेकांना शोधून वर्ग जोडायचे. त्यातला मुलांचा सगळ्यात लाडका खेळ मिस्टरी स्काइप, दोन वर्गांनी एकमेकांना फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारून समोरचे कुठे आहेत ते ओळखायचं. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? तुमच्या देशाला समुद्र आहे का? भूगोलाचा नकाशा एरवी भिंतीवर धूळ खातो, या खेळात मुलं त्यावर तुटून पडतात. यात आपली एक अडचण घड्याळाची. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा जमतो, आपले सकाळचे नऊ म्हणजे ब्रिस्बेनला दुपारचे दीड, पण न्यूयॉर्कची शाळा उन्हाळ्यात नऊला भरते तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर हे सगळं जिल्हा परिषदेच्या शाळेतून करत होते, वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना जोडून देणं, व्हर्च्युअल सहली, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली.

आपल्या ठाणे जिल्ह्याचंही नाव यात घ्यायलाच हवं. शहापूर तालुक्यातला पष्टेपाडा, आदिवासी पाडा, तिथली जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड सरांनी डिजिटल केली, ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले आणि आपापल्या गावी जाऊन लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब घेतले. २०१५ मध्ये राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हा जमीन आधीच तयार होती ती अशा शिक्षकांमुळे. मग सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, मुख्यालय आमच्या घणसोलीत, आणि डेटा एवढा स्वस्त झाला की सरांच्या खिशातला मोबाईल हाच व्हीसीचा स्टुडिओ झाला. बांधावरून कॉल शक्य झाला तो त्यामुळे.

कोरोनाबद्दल थोडक्यातच लिहिते, सगळ्यांनी भोगलंय. मार्च २०२० मध्ये शाळा बंद, १५ जूनला वर्ष ऑनलाइन सुरू, झूम चाळीस मिनिटांनी तुटायचं, घरात मोबाईल एक आणि भावंडं तीन. ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची, तिने खूप मुलांना धरून ठेवलं. पण मला जे लागलं ते वेगळंच. इतक्या वर्षांनी दोन्हीकडून बोलता येणारं यंत्र प्रत्येकाच्या हातात आलं आणि आपण पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांना म्यूट केलं. आवाजाचा गोंधळ व्हायचा, दुसरा इलाज नव्हता, मीही केलं. साठ काळे चौकोन आणि मी एकटी बोलतेय. म्हणून पालकांच्या मनात व्हिडिओवरचं शिक्षण म्हणजे तेच बसलंय, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं.

वर्गातला कॉल त्याहून वेगळा असतो. मुलं एकत्र बसलेली, शिक्षक हजर, बाहेरचा माणूस पाहुणा म्हणून पडद्यावर. आम्ही आधीच्या आठवड्यात प्रश्न काढतो, फळ्यावर लिहितो, एकसारखे गाळतो. कॉलच्या दिवशी पंखे बंद, नाहीतर माईकमध्ये नुसती घरघर. स्पीकर माईकपासून लांब, नाहीतर आपलाच आवाज फिरून येतो. एक मूल उठून कॅमेऱ्याजवळ जातं, नाव सांगतं, प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभं राहतं, कारण उत्तर ऐकल्यावर जो दुसरा प्रश्न येतो तो फळ्यावर नसतो. तीस ते चाळीस मिनिटं पुरतात. गेल्या वर्षी एकदा ऐन कॉलमध्ये नेट गेलं, दहा मिनिटं आलं नाही, मुलांनी तेवढ्यात उरलेले प्रश्न कागदावर लिहून फोटो पाठवले आणि पाहुण्यांनी संध्याकाळी व्हॉइस नोटवर एकेकाचं नाव घेऊन उत्तरं दिली.

जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावरून आपल्या शाळकरी मुलांशी बोलले, व्हिडिओवरही आणि हॅम रेडिओवरही, म्हणजे हौशी लोक वापरतात त्या रेडिओवर. हॅम रेडिओवर स्थानक डोक्यावरून जाईपर्यंतची साधारण दहा मिनिटंच मिळतात, एकाने बोलून 'ओव्हर' म्हटलं की दुसऱ्याने बोलायचं. ॲलिस स्प्रिंग्जची मुलं हेच करायची. स्काइप त्याच वर्षी मे महिन्यात बंद झालं, आता आम्ही गुगल मीट वापरतो, मुलांना फरक पडला नाही.

शहापूरच्या वर्गाला आम्ही आता उलट कॉल देणं लागतो. हिवाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की ऐरोलीच्या बाजूने ओहोटीची वेळ बघून लावायचा असं ठरलंय. त्यांच्याकडून पहिले प्रश्न आलेतही, सरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यात एक आहे, एवढ्या घाण पाण्यात ते पक्षी खातात काय? आमच्या मुलांना अजून उत्तर सापडलेलं नाही, शोधतायत.