‘सीतेची आसवे’ या नावामागे

पावसाळा सरत आला की ठाण्याहून रात्रीच्या बसने कासच्या पठाराकडे निघणाऱ्यांच्या आणि मुरबाडमार्गे माळशेज गाठणाऱ्या भटक्यांच्या बोलण्यात एक नाव हमखास येते: ‘सीतेची आसवे’. ओलसर कातळावर बारीक देठांवर डोलणाऱ्या निळसर-जांभळ्या रानफुलांचे हे नाव. वनवासात सीतेचे अश्रू जिथे ठिबकले तिथे ही फुले उगवली, अशी लोककथा त्यामागे सांगितली जाते.

यातला ‘आसवे’ हा शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘अश्रु’पासून प्राकृतातून मराठीत ‘आसू’ आले आणि तारू-तारवे, गळू-गळवे या रीतीने त्याचे अनेकवचन ‘आसवे’ झाले. कोणी त्या जागी ‘अश्रू’ लिहिले तर अर्थ चुकत नाही. पण जात्यावर बसून सीतेचा वनवास गाणाऱ्या बायकांची बोली मात्र त्या नावातून निघून जाते. मराठी रानात सीतेचे नाव एवढ्यावरच थांबत नाही. लंकेतल्या अशोकवनाची आठवण देणारा सीता अशोक आहे, झाडाच्या फांदीवरून गजऱ्यासारखी लोंबणारी ‘सीतेची वेणी’ ही आमरीही (ऑर्किड) आहे.

वनस्पतिशास्त्राने मात्र फुलाकडे न पाहता मातीखाली पाहून नाव दिले. या फुलाचे शास्त्रीय नाव ‘युट्रिक्युलॅरिया पर्प्युरासेन्स’. त्यातले स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली छापलेले ‘युट्रिक्युलॅरिया’ हे प्रजातीनाम लहान पिशवी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. या वनस्पतीला खरी मुळे नसतात. तिच्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातला सूक्ष्म जीव तोंडाशी आला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पिशवी त्याला आत ओढून घेते. कातळावरच्या निकस मातीत नत्र मिळवण्याची ही तिची सोय.

नावाचा दुसरा भाग, ‘पर्प्युरासेन्स’ म्हणजे जांभळट होत जाणारी, हे जातिनाम तर मुंबईतच जन्मले. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींच्या १८३९ साली निघालेल्या सूचीत जॉन ग्रॅहम यांनी ते दिले. ग्रॅहम हे टपाल खात्यातले अधिकारी. सूची पुरी होण्याआधीच ते वारले आणि उरलेला भाग जोसेफ निम्मो यांनी तडीस नेला.