कांदोळीपुढचं थंड पाणी

चवथ सरली, आभाळ उघडलं की उत्तर गोव्यातल्या कांदोळीचा समुद्र निवळतो. पावसाळ्यातला लालसर गढूळपणा उतरतो, लाटा बसतात. वाळूवर उभं राहून पाहिलं तर समुद्र आता सुखात आहे असंच वाटेल. खरं तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हे त्याचे वर्षातले सर्वांत कठीण दिवस. किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत, २५-२८ मीटर खोल पाण्यात, तळाशी प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो.

याचं मूळ जूनमध्ये आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वरचं कोमट पाणी किनारा सोडून आत सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी उतार चढून किनाऱ्याकडे येतं. अरबी समुद्राच्या पोटात साधारण १५० मीटरपासून १००० मीटरपर्यंत प्राणवायूची मोठी टंचाई असते. वरून पडणारे मेलेले जीव तिथे कुजतात. त्यातून नायट्रेट-फॉस्फेट सुटतं, पण प्राणवायू खर्ची पडतो. त्यामुळे वर चढणारं पाणी येतानाच खताने भरलेलं आणि श्वासाने अर्धं रिकामं असतं. आपल्या समुद्राचं बरं आणि वाईट दोन्ही या एकाच पाण्यातून येतं, हे एकदा ध्यानात आलं की बाकीचा इतिहास समजायला सोपा जातो.

आधी बरं पाहू. त्या खतावर प्लवक माजतात. प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव. हा शब्द ‘प्लव’ म्हणजे तरंगणे यावरून आला आहे. त्यांतल्या डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींना काचेसारखं सिलिकाचं कवच असतं, आणि तारली या मासळीचं ते आवडतं अन्न. १९२० च्या दशकात मद्रास मत्स्य खात्याच्या हॉर्नेल आणि नायडू यांनी मलबार किनाऱ्यावर तारल्यांचा आहार आणि तिथले प्लवक यांचा सांधा जुळवला. १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन् यांनी तर फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा एक डायटम तारल्यांच्या सुगीची खूण असल्याचं मांडलं. ताटातल्या तारल्याचा हिशेब नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतीपर्यंत जातो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वाईट बाजू पुढे आणली कार्ल बान्झे या जर्मन शास्त्रज्ञाने. कोचीच्या समुद्रात काम करून त्याने १९५९ मध्ये दाखवलं की हे थंड, प्राणवायू नसलेलं पाणी उथळ पट्ट्यावर चढलं की तळाची मासळी तिथून पळ काढते आणि ट्रॉलरचं जाळं रिकामं येतं. लगेच पुढे १९५९ ते १९६५ अशी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. चाळीसहून अधिक जहाजांनी हा दुर्लक्षित महासागर मोजला आणि प्लवकांचे नमुने निवडायला कोचीत केंद्र उभं राहिलं. मोहिमेच्या भारतीय बाजूची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा तेच तिचे पहिले संचालक झाले. पुढे संस्थेचं मुख्यालय दोना पावलाला वसलं आणि गोव्याच्या दारातला समुद्र सतत नजरेखाली आला. सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यातल्या सफरीवरून पश्चिम किनाऱ्याच्या प्रवाहांचं चित्र मांडलं: वर दक्षिणेकडे जाणारा प्रवाह आणि त्याच्या खाली उलटा, उत्तरेकडे जाणारा.

गोव्यापुढे मात्र एक गोष्ट जास्तीची आहे, ती म्हणजे आपला पाऊस. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मांडवी, झुआरी आणि बाकीच्या नद्यांचं गोडं, हलकं पाणी समुद्रावर पाच-दहा मीटर जाडीचं झाकण घालतं. वाऱ्याला ते घुसळता येत नाही. खाली प्लवक मरून बसतात, कुजतात, आणि वरून प्राणवायू उतरत नाही. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी १९९७ पासून कांदोळीपुढच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन हे नोंदवलं. १९९९ च्या शरदात त्यांना तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सापडला, आणि नायट्रस ऑक्साइड प्रचंड प्रमाणात. उष्णता कोंडून धरण्यात हा वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. २००० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं आणि कांदोळीचा किनारा जगाच्या हवामानाच्या चर्चेत गेला. शेतातून वाहून येणाऱ्या खतांनी ही घुसमट वाढवली, असं त्या लेखाचं म्हणणं होतं. मूळ घडण निसर्गाची, हे बान्झेच्या कामावरून उघड आहे. पण आधीच काठावर असलेल्या पाण्यात आपण आणखी नायट्रोजन सोडावा, हे मला तरी गंभीर वाटतं.

अशा सफरीत एकदा मी बरोबर होतो. दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी दोरीने खाली सोडतात. मग दोरीवरून एक छोटं वजन सरकवतात. ते जाऊन आपटलं की नळीची झाकणं फटकन बंद होतात. वर आलेलं पाणी, हवेचा बुडबुडा न शिरू देता, काचेच्या बाटलीत भरायचं आणि त्यात मँगनीजचं व अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण सोडायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत तो गडद बसला. तळाच्या बाटलीत दुधासारखा पांढरा. नळीच्या तोटीशी कुजक्या अंड्याचा वास होता. माझ्या शेजारचा खलाशी म्हणाला, “ह्या दिवसांत खाली काय मिळायचं नाही, वडील सांगायचेच.”

नोव्हेंबरमध्ये प्रवाह फिरतो, उत्तरेकडे वाहू लागतो, थंड पाणी उतारावरून मागे सरकतं. डिसेंबरात त्याच जागी, त्याच खोलीवर नळी सोडली की साका पुन्हा तपकिरी बसतो.