पेशंट नोटिफिकेशन (रक्तातून पसरणारे व्हायरस)

दवाखान्यात उपचार घेताना पेशंटला दुसऱ्याच्या रक्तातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीची लागण झाली असू शकते असं लक्षात आलं की आरोग्य खातं किंवा हॉस्पिटल त्या काळातले सगळे पेशंट हुडकून त्यांना स्वतःहून कळवतं अन् टेस्ट करून घ्यायला सांगतं, त्याला पेशंट नोटिफिकेशन म्हणतात.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेत लास व्हेगासचं. 2008 च्या सुरुवातीला तिथे हिपॅटायटिस सी चे काही नवे पेशंट सापडले आणि चौकशी केली तर सगळे एकाच एंडोस्कोपी (नळी घालून पोट-आतडं आतून तपासणं) क्लिनिकमध्ये जाऊन आलेले निघाले. तिथे भुलीचं प्रोपोफॉल देताना डोस कमी पडला की सुई बदलायचे पण सिरिंज तीच ठेवून परत बाटलीत घालायचे, सिरिंजमध्ये मागे आलेलं रक्त डोळ्यांना दिसतही नाही पण ते बाटलीत उतरायचं, आणि एकाच पेशंटसाठी असलेल्या त्या बाटलीतलं उरलेलं औषध पुढच्या पेशंटला. नुसती सुई बदलली की झालं हा समज आपल्याकडेही खूप जणांचा आहे, तो साफ चुकीचा आहे. आधी साधारण 40,000 लोकांना कळवलं, नंतर आकडा 60,000 च्या वर गेला. त्यातल्या 9 जणांची लागण क्लिनिकशी पक्की जोडता आली, आणखी शंभरेक जणांची तिथलीच असण्याची शक्यता धरली गेली.

मग एवढ्या लोकांना कशाला घाबरवायचं? कारण हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षं काही त्रासच देत नाही, आतल्या आत लिव्हर खराब होत राहतं, आणि ज्याला माहितीच नाही तो टेस्ट करणार कशी, शिवाय नकळत घरच्यांनाही धोका. आधी सगळं पक्कं कळू दे मग सांगू, असं म्हणत बसणं मला तरी बरोबर वाटत नाही.

पेशंटला कळवायच्या पत्रात काय झालं, कोणत्या तारखांना, धोका किती आणि फुकट टेस्ट कुठे हे सरळ भाषेत हवं, सोबत फोन नंबर, आणि उचलणारं माणूस समजावून सांगणारं हवं. लागण अलीकडची असेल तर पहिली टेस्ट निगेटिव्ह येऊनही चालत नाही, टेस्टमध्ये जी अँटिबॉडी (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधतात ती तयार व्हायला वेळ लागतो म्हणून काही महिन्यांनी परत करावी लागते.

2008 साली हिपॅटायटिस सी ला इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागायची आणि गुण येईलच असं नव्हतं, आता बहुतेकांना 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी निघाला तर घरच्यांनाही तपासून लस देतात.