घाबरलेलं मूल आणि वैर शिकलेलं मूल

गाझातलं ढिगाऱ्यातून काढलेलं मूल टीव्हीवर दिसलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, "हे बघत मोठं झालेलं पोर उद्या काय करणार, बंदूकच हातात घेणार." सीमेपलीकडच्या इस्रायली स्देरोत गावात भोंगा वाजल्यावर पळणारी मुलं दाखवली, की त्यांच्याबद्दलही थोड्याफार फरकाने हेच बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात कणव असते, पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. एक म्हणजे मुलाला बसलेला आघात आणि दुसरी म्हणजे समोरच्या समाजाबद्दल त्याच्या मनात रुजलेलं वैर. पहिलीच्या पोटीच दुसरी जन्मते असं आपण धरून चालतो. इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांवर गेली काही दशकं जो अभ्यास झाला, तो मात्र इतकं सरळ काही सांगत नाही.

आधी आघात घेऊ. तो अंगात शिरतो. स्देरोत गाझाच्या कुंपणापासून एक-दोन किलोमीटरवर आहे. तिथे 2001 पासून रॉकेटं पडत आली. 'त्झेवा अदोम', म्हणजे 'लाल रंग', अशी घोषणा झाली की आडोशाला जायला साधारण 15 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात मुलांनी जागच्या जागी गोठून जाऊ नये म्हणून बालवाडीत हातवारे करत म्हणायचं एक गाणं शिकवलं गेलं. तिथल्या एका बागेत मोठाले रंगीत सुरवंट आहेत. पोरं त्यांच्यावर चढतात, आतून रांगतात. ते काँक्रीटचे आहेत आणि भोंगा वाजला की तोच बंकर.

गाझात असा भोंगाही नाही आणि सार्वजनिक बंकरही नाहीत. तिथे असतो तो वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचा अखंड आवाज. लोक त्याला 'झन्नाना' म्हणतात, कानाशी गुणगुणत राहणारी. अंथरूण ओलं होणं, रात्री किंचाळून उठणं, बोलणंच बंद होणं, आईचा पदर न सोडणं या तक्रारी तिथल्या डॉक्टरांना नव्या नाहीत. समाह जब्र या पॅलेस्टिनी मनोविकारतज्ज्ञ एक मुद्दा पुन्हापुन्हा मांडतात. 'आघातोत्तर ताण' या निदानात 'उत्तर' हा शब्द आहे, आणि इथे आघात संपलेलाच नाही. 2008 साली गाझात जन्मलेल्या मुलाने पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच एक युद्ध पाहिलं. मग 2012, 2014, 2021 आणि 2023. दोन्हीकडच्या मुलांची भीती एकाच जातीची असली, तरी मात्रा सारखी नाही, हे इथेच नोंदवून पुढे जातो.

या आघाताचं टोक कुणाकडे वळतं? आपण गृहीत धरतो की शत्रूकडे. 2007 पासून तीन वर्षं एका मोठ्या पाहणीत 600 पॅलेस्टिनी आणि 901 इस्रायली, म्हणजे ज्यू आणि अरब दोन्ही, मुलांच्या पुन्हापुन्हा मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलं 8, 11 आणि 14 वर्षांची होती. रॉवेल ह्यूसमन, खलील शिकाकी, सिम्हा लांडाऊ असे अमेरिकी, पॅलेस्टिनी आणि इस्रायली अभ्यासक त्यात एकत्र होते. राजकीय हिंसा जितकी जास्त पाहिली, तितकी पुढे मुलांची मारामारी वाढलेली दिसली, पण ती बरोबरीच्या पोरांशी. शत्रू हाताशी नसतो, शेजारच्या बाकावरचा असतो. हिंसा घरात आणि शाळेत झिरपते आणि तिथूनच पोरांच्या हातात येते.

मानसशास्त्रज्ञ समीर कौता, राइया-लीना पुनामाकी आणि गाझातले मनोविकारतज्ज्ञ इयाद अल-सर्राज यांच्या कामात याला जोडून आणखी एक गोष्ट दिसली. आईबापांची माया आणि आधार पक्का असलेल्या मुलांमध्ये लष्करी हिंसा पाहणं आणि आक्रमक होणं यांचा संबंध उरला नाही. म्हणजे आघाताची मुख्य लढाई स्वयंपाकघरात आणि अंथरुणावर चालते. बापाच्या डोक्यावरचं छप्परच उडालं असेल तर हे सांगणं क्रूर वाटतं, ते मला कळतं.

आता वैर. त्याला एकही स्फोट लागत नाही. तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बार-ताल यांनी इस्रायली ज्यू मुलांच्या मनात 'अरब' ही कल्पना कधी आणि कशी तयार होते, हे वर्षानुवर्षं तपासलं. अडीच-तीन वर्षांच्या मुलांपर्यंत तो शब्द पोचलेला असतो. अरब म्हणजे नक्की कोण, हे त्या वयात सांगता येत नाही; पण तो चांगला नाही, एवढं कळलेलं असतं. आधी शेरा येतो आणि माणूस मागून, कधीकधी येतही नाही. पुढे योना टाइखमन यांच्याबरोबर त्यांनी मुलांकडून ज्यू माणसाची आणि अरब माणसाची चित्रं काढून घेतली. त्या वयाला तोंडाने सांगता येत नाही ते खडू सांगून जातो.

पॅलेस्टिनी मुलाच्या बाबतीत रस्ताच गुरुजी होतो. तपासनाक्याला वेस्ट बँकेतले अरबी बोलणारे लोक 'महसोम' म्हणतात, आणि तो शब्द हिब्रू आहे. शत्रूच्या भाषेतला पहिला शब्द मूल शिकतं तो हा. एकेकाळी गाझातले हजारो बाप रोज कामाला इस्रायलमध्ये जात, हिब्रू बोलत, मुकादमाला नावाने ओळखत. 1991 नंतर परवान्यांची गळचेपी झाली, 2002 पासून वेस्ट बँकेत भिंत उभी राहू लागली. पॅलेस्टिनी शहरांच्या वेशीवर इस्रायली नागरिकांना प्रवेशबंदी सांगणाऱ्या लाल पाट्या लागल्या. आज नाब्लुसच्या पोराला दिसणारा इस्रायली बहुधा गणवेशात असतो, नाहीतर वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतीतला असतो. किराणा घेणारा, सर्दी झालेला, बस चुकलेला इस्रायली त्याने पाहिलेलाच नसतो. तेल अवीवच्या पोरालाही रामल्ला तासाभराच्या अंतरावर असून परग्रहासारखं.

शाळेच्या पुस्तकांबद्दल आपली कल्पना अशी, की त्यांत शिव्याच भरलेल्या असतील. बार-ताल, सामी अदवान आणि ब्रूस वेक्सलर यांनी 2013 मध्ये दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांची छाननी प्रसिद्ध केली. समोरच्याला माणसातून उठवणारा मजकूर दोन्हीकडे क्वचितच सापडला. सापडलं ते वेगळंच: दोन्हीकडचे बरेचसे नकाशे दुसऱ्याला दाखवतच नाहीत. इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने तो अहवाल फेटाळला. पण नकाशातली ती मोकळी जागा मला शिवीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. रायगडच्या गावांतून इस्रायलला गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अश्दोद, अश्कलोन, दिमोना इथे राहतात. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघत आलं. अश्कलोन तर गाझाच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर. आजी मराठीत देवाचं नाव घेते आणि नातू आडोसा गाठायचे सेकंद मोजतो, अशी घरं तिथे आहेत.

तर आघात आणि वैर दोन्ही वेगळे. मग ते कधीच भेटत नाहीत का? भेटतात, बहुतेक मिसरूड फुटायच्या वयात, आणि तिथे प्रकरण अवघड होतं. ब्रायन बार्बर या अमेरिकी अभ्यासकाने पहिल्या इंतिफादात, म्हणजे 1987 ते 1993 च्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, वाढलेल्या गाझातल्या तरुणांची तुलना बोस्नियातल्या, वेढ्यातल्या सारायेव्होच्या तरुणांशी केली. सारायेव्होच्या मुलांना कळेना, कालचे शेजारी आज गोळ्या का झाडताहेत. गाझातल्या मुलांकडे उत्तर तयार होतं: आम्ही कोण, ते कोण, आणि हे का सोसायचं. त्या उत्तराने त्यांना सावरलं. दगड मारणाऱ्या पोराला आपल्या दुखण्याचा अर्थ ठाऊक होता. म्हणजे वैराची गोष्ट, किंवा तिचा काही भाग, जखमेवरची पट्टी म्हणून काम करते. ती ओढून काढायची तर खाली काय लावणार, हे आधी ठरवावं लागतं. शांततेचे कार्यक्रम आखणारे याचा विचार फारसा करत नाहीत, असं माझं मत.

दोन्हींची गल्लत झाली की औषधही चुकतं. आघातावरच्या उपचाराने मुलाला झोप लागेल. 'ते' कसे असतात याबद्दलचं त्याचं मत त्याने बदलेलच असं नाही. उलट 1998 साली 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाची इस्रायली-पॅलेस्टिनी आवृत्ती निघाली, तेव्हा अडीचशेहून अधिक बालवाडीतल्या मुलांना ती दाखवून पाहिली. आधी त्यांच्या तोंडी समोरच्याबद्दल वाईट विशेषणं पुष्कळ होती. पाहिल्यावर चांगली वाढली. झोपेशी तिचा काही संबंध नव्हता.

अमेरिकेतल्या मेन राज्यात 1993 पासून 'सीड्स ऑफ पीस'चं शिबिर भरतं. दोन्हीकडची किशोरवयीन मुलं एकाच खोलीत झोपतात, भांडतात, तळ्यात पोहतात. शिबिरार्थींवरच्या अभ्यासात असं दिसलं, की समोरच्या गटातला एक जरी जवळचा मित्र झाला तरी सगळ्या गटाबद्दलचं मत मवाळ होतं, आणि घरी परतल्यावरही त्यातलं काही टिकतं. मग अठरावं वर्ष लागतं. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची आहे. खोलीतला एक गणवेश चढवतो, आणि दुसऱ्याला तो परत भेटलाच तर बहुधा महसोमवर.